पाटणचा मठ आणि अवयवांचें गणित

शाळेंतील अंकगणिताच्या पुस्तकांत जीं प्रकरणें मुलांना नीरस वाटतात, त्यांत अवयव, मूळ संख्या व संयुक्त संख्या ह्यांचें प्रकरण बहुधा अग्रभागीं असतें. बेरीज-वजाबाकी बाजारांत लागते, व्याजाचें गणित सावकारींत लागतें. परंतु सत्याण्णव ही संख्या दुसऱ्या कोणत्याहि संख्येनें निःशेष भागली जात नाहीं, हें कळून कोणाच्या पदरांत काय पडतें, असा प्रश्न एखादा चाणाक्ष मुलगा विचारतो, आणि त्यास समर्पक उत्तर देणारे वडील विरळा. ह्या प्रश्नाचें उत्तर पुष्कळ अंशीं इतिहासांत आहे. शिवाय त्या इतिहासाचा एक मोलाचा भाग आमच्या छत्रपति संभाजीनगराच्या, म्हणजे पूर्वीच्या औरंगाबादेच्या, आसमंतांतच घडलेला आहे. पश्चिमेस हाकेच्या अंतरावर देवगिरीचा किल्ला, आणि कन्नडचा घाट उतरून गेलें असतां डोंगराच्या पायथ्याशीं लागणारें खानदेशांतील पाटण, हीं दोन स्थळें त्या कथेचीं मुख्य स्थानें होत. लेणीं पाहण्यास दूरदूरचे प्रवासी येथें येतात. ह्या गणिताच्या तीर्थाची मात्र आम्हां घरच्या मंडळींनाहि फारशी ओळख नसते.

आरंभीं विषयाचें स्वरूप थोडक्यांत पाहूं. बारा नारळ मांडावयाचे असले, तर सहांच्या दोन, चारांच्या तीन अशा सारख्या रांगा लावतां येतात. तेरा नारळ घेतले कीं एकाच लांब ओळीवांचून गत्यंतर नाहीं. बाराचे अवयव १, २, ३, ४, ६ व १२. तेराचे अवयव केवळ १ व १३. म्हणून बारा ही संयुक्त संख्या आणि तेरा ही मूळ संख्या. 'मूळ' हें नांव मोठें सार्थ आहे. कारण प्रत्येक संयुक्त संख्या फोडीत गेलें असतां शेवटीं मूळ संख्याच हातीं लागतात, आणि फोडण्याचा मार्ग कोणताहि घ्या, त्या त्याच लागतात. साठाचे सहा गुणिले दहा असे भाग करा किंवा चार गुणिले पंधरा असे करा. शेवटीं २, २, ३ व ५ ह्यांवरच येऊन थांबावें लागतें. एक ह्या संख्येला मूळही म्हणत नाहींत व संयुक्तही म्हणत नाहींत, ह्याचें कारणहि हेंच. एकाला मूळ मानिलें, तर त्यानें कितीहि वेळां गुणतां येईल आणि फोडीचा हा एकपणा नष्ट होईल.

व्यवहारी लोकांनीं अवयवांचा हा गुण फार पूर्वीं ओळखला होता. तोळ्याचे बारा मासे, मणाचे चाळीस शेर, रुपयाचे सोळा आणे व आण्याच्या बारा पै, हीं परिमाणें उगाच पडलेलीं नाहींत. एका रुपयाच्या १९२ पै होत. आणि १९२ म्हणजे सहा वेळां दोन व एकदां तीन ह्यांचा गुणाकार. म्हणून रुपयाचा अर्धा, पाव, अर्धपाव हे तर बिनदिक्कत निघत. पण तीन भावांत एक रुपया वांटावयाचा झाला, तरी प्रत्येकास पांच आणे चार पै अशी चोख वांटणी होत असे. इ. स. १९५७ च्या एप्रिलपासून रुपयाचे शंभर पैसे झाले. शंभरांत दोन व पांच ह्यांवांचून तिसरा मूळ अवयव नाहीं. तेव्हांपासून त्या तीन भावांच्या वांटणींत एक पैसा उरतोच. पावकी, निमकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी आणि औटकी तोंडपाठ करणाऱ्या पिढ्यांना 'अवयव' हा शब्द ठाऊक नसेल. परंतु कोणती संख्या वांटणीस सोयीची व कोणती अडेल, हें त्यांना हाताच्या रेषांइतकें परिचित होतें.

व्यवहाराच्या पलीकडे जाऊन, मूळ संख्या स्वतः काय आहेत, असा प्रश्न निव्वळ जिज्ञासेनें विचारला तो ग्रीक लोकांनीं. इ. स. पूर्वीं ३०० च्या सुमारास युक्लिडानें आपल्या ग्रंथाच्या सातव्या पुस्तकांत मूळ व संयुक्त संख्यांच्या व्याख्या दिल्या, आणि नवव्या पुस्तकांत असें सिद्ध केलें कीं, मूळ संख्यांना अंत नाहीं. त्याची युक्ति आजहि मन मोहून टाकते. तुम्हांस ज्या मूळ संख्या ठाऊक असतील, त्या साऱ्यांचा गुणाकार करा व त्यांत एक मिळवा. आलेल्या संख्येस त्यांपैकीं कोणत्याहि संख्येनें भागलें, तर बाकी एकच उरेल. अर्थात् तिचा मूळ अवयव तुमच्या यादीबाहेरचा असला पाहिजे. २, ३, ५, ७, ११, १३ ह्यांचा गुणाकार करून एक मिळविल्यास ३००३१ येतात. ही संख्या मूळ नाहीं, पण तिचे ५९ व ५०९ हे दोन्ही मूळ अवयव यादींत नव्हते. यादी केवढीहि असो, ती अपुरीच.

आतां आपल्याकडे वळूं. भास्कराचार्यांचा जन्म शके १०३६, म्हणजे इ. स. १११४ मधला, वयाच्या छत्तिसाव्या वर्षीं, इ. स. ११५० मध्यें, त्यांनीं 'सिद्धांतशिरोमणि' रचला. लीलावती, बीजगणित, ग्रहगणित व गोलाध्याय हे त्याचे चार भाग प्रसिद्धच आहेत. लीलावतींत मूळ संख्येची व्याख्या शोधूं गेल्यास ती सांपडत नाहीं. मूळ संख्या अनंत आहेत, असा सिद्धांतहि तेथें नाहीं. एवढ्यावरून कोणी असें म्हणेल कीं, हा विषय आमच्या पूर्वजांना अवगतच नव्हता. तर तें म्हणणें उतावळेपणाचें होईल. विषय तेथें आहे. मात्र तो निराळ्या दाराने आंत आला आहे. त्या दाराचें नांव कुट्टक.

कुट्टकाची रीत आर्यभटानें इ. स. ४९९ मध्यें दिली, आणि भास्कराचार्यांनीं ती सुगम केली. त्यांचें पहिलेंच उदाहरण असें आहे: २२१ ला कोणत्या संख्येनें गुणून त्यांत ६५ मिळविले असतां, येणारी संख्या १९५ नें निःशेष भागली जाईल? येथें २२१ हा भाज्य, १९५ हा भाजक व ६५ हा क्षेप. आचार्य सांगतात कीं, आधीं ह्या तिघांना एकाच संख्येनें भाग जात असेल, तर तो देऊन टाका. ह्यास अपवर्तन म्हणतात. ती संख्या शोधावयाची कशी? तर भाज्य-भाजकांस परस्परांनीं भागीत जा. २२१ ला १९५ नें भागलें, बाकी २६ राहिली. १९५ ला २६ नें भागलें, बाकी १३ राहिली. २६ ला १३ नें पुरा भाग गेला. म्हणून १३ हा अपवर्तक. त्यानें तिघांना भागिलें असतां १७, १५ व ५ उरतात, आणि प्रश्न सोपा होतो: १७ ला कशानें गुणून ५ मिळवावे, म्हणजे १५ चा भाग जाईल? उत्तर पांच, कारण पंचाऐंशीं व पांच मिळून नव्वद, आणि नव्वदांत पंधराचा भाग सहा वेळां. मूळ प्रश्नाशीं ताडून पाहतां २२१ पांचा ११०५, त्यांत ६५ मिळवून ११७०. आणि १९५ सक ११७० च. पुढें पंधरा-पंधरा मिळवीत गेल्यास २०, ३५ अशीं आणखी उत्तरें हवीं तितकीं मिळतात.

ह्या रीतींतील दोन गोष्टी विचारी वाचकानें विशेष ध्यानांत घ्याव्या. पहिली अशी कीं, अपवर्तन होऊन जे भाज्य-भाजक उरतात, त्यांस आचार्य 'दृढ' म्हणतात. दृढ म्हणजे ज्यांना आतां दोघांस मिळून आणखी फोडतां येणार नाहीं असे. मराठी अंकगणितांत पुढें मोठ्यांत मोठ्या साधारण विभाजकास 'दृढभाजक' असें नांव पडलें, तें ह्याच परंपरेंतलें. १७ ही मूळ संख्या आहे. १५ ही मूळ नव्हे, तिचे ३ व ५ असे अवयव आहेत. तरीहि १७ व १५ हीं जोडी दृढ आहे. म्हणजे मूळपणा हा एकट्या संख्येचा स्वभाव, आणि दृढता हा दोन संख्यांमधील संबंध होय. ग्रीकांनीं दोन्हींची व्याख्या केली. आमच्या आचार्यांना काम पडलें तें दुसऱ्याशीं. आजच्या शालेय पुस्तकांत अशा जोडीस 'सहमूळ संख्या' म्हणतात.

दुसरी गोष्ट अशी कीं, भाज्य व भाजक ह्यांना ज्या संख्येनें भाग जातो, तिनें क्षेपास भाग जात नसेल, तर तें उदाहरणच दुष्ट, म्हणजे सदोष, असें आचार्यांनीं स्पष्ट सांगितलें आहे. वरच्या उदाहरणांत ६५ ऐवजीं ६६ मिळवा असें म्हटलें, तर जन्मभर खटपट करूनहि उत्तर यावयाचें नाहीं. कारण तेरानें भागल्या जाणाऱ्या राशींत ६६ मिळविले, तर ती तेरानें भागली जाणार नाहीं, मग १९५ नें कोठली? कोणता प्रश्न सुटेल हें सांगणें ही विद्या खरीच. पण कोणता प्रश्न कधींच सुटणार नाहीं हें आधीं सांगणें, ही तिच्याहून वरच्या दर्जाची विद्या होय, आणि ती अवयवांच्या ज्ञानावांचून येत नाहीं.

ह्या साऱ्याची गरज कशासाठीं होती? ज्योतिषासाठीं. भास्कराचार्यांच्या पद्धतींत एका कल्पाचीं ४,३२,००,००,००० सौर वर्षें, आणि तेवढ्या काळाचे सावन दिवस १५,७७,९१,६४,५०,०००. असले अगडबंब आंकडे घेऊन पाटीवर गणित करणें म्हणजे हातानें डोंगर ढकलणें. पण दोहोंस १३,५०,००० चा भाग जातो. तो दिला कीं उरतात ३२०० वर्षें व ११,६८,८२७ दिवस. ३२०० मध्यें दोन व पांच हेच मूळ अवयव आहेत. दुसरी संख्या विषम असून तिच्या शेवटीं पांच नाहीं. अर्थात् ही जोडी दृढ झाली, आणि आतां तिला आणखी लहान करणें कोणास शक्य नाहीं. कोट्यवधींचा व्यवहार हजारां-लाखांवर आला, आणि सत्याचा एक कणहि सांडला नाहीं. मोठी संख्या फोडून लहान करण्याची ही हातोटी जवळ नसती, तर पंचांग करणाऱ्यांचीं आयुष्यें गुणाकारांतच सरलीं असतीं.

आतां पाटणकडे चलूं. भास्कराचार्यांचें विद्यापीठ त्यांचें घरच होतें. त्यांचे वडील महेश्वर हेच त्यांचे गुरु. त्यांचा पुत्र लक्ष्मीधर ह्यास यादव राजा जैत्रपाल ह्यानें पाटणहून नेऊन आपल्या पंडितांत अग्रस्थान दिलें. लक्ष्मीधराचा पुत्र चांगदेव हा देवगिरीच्या सिंघण राजाचा मुख्य ज्योतिषी झाला. आजोबांच्या ग्रंथांचें अध्ययन खंडित होऊं नये, म्हणून ह्या चांगदेवानें पाटण येथें एक मठ स्थापिला. यादवांचे मांडलिक निकुंभ वंशांतील सोइदेव ह्यानें त्या मठास शके ११२८ च्या समाप्तीनंतर, श्रावणी पौर्णिमेस चंद्रग्रहणाच्या वेळीं, म्हणजे ९ ऑगस्ट १२०७ रोजीं, दान दिलें. हा सारा वृत्तांत सांगणारा शिलालेख डॉक्टर भाऊ दाजी ह्यांनीं उजेडांत आणून इ. स. १८६५ मध्यें विद्वानांपुढें मांडला. 

लेखाचा आरंभ संस्कृतांत आहे. पण जेथें प्रत्यक्ष देण्याघेण्याच्या अटी येतात, तेथें लेखक मराठीवर येतो. आणि हें स्वाभाविकच आहे. आचार्यांची वंशावळ पंडितांनीं वाचावयाची होती. अटी तेल्या-वाण्यांस कळावयास हव्या होत्या. पाटणच्या पेठेंत विकल्या जाणाऱ्या मालावर गिऱ्हाइकाकडून जो कर राजाला मिळत असे, तो मठास लावून दिलेला आहे; आणि गांवांत जितके घाणे चालतील, तितक्या घाण्यांमागें पळी-पळी तेल मठास द्यावें, असें ठरविलें आहे. ग्रहणाचा मुहूर्त, आणि ग्रहणाचें गणित शिकविणाऱ्या मठास दान! ह्याहून उचित योग कोणता? कुट्टकाची घोकंपट्टी करणाऱ्या विद्यार्थ्याच्या समईंत जें तेल जळत होतें, तें त्या गांवच्या तेल्याच्या घाण्यावरचें होतें. त्या तेल्यास दृढ भाज्य-भाजक काय ठाऊक असणार? परंतु विद्येच्या इतिहासांत त्याच्या त्या पळीची नोंद दगडावर झाली आहे.

देवगिरीच्या राज्याला पुढें उतरती कळा लागली. इ. स. १२७१ मध्यें रामदेवराव गादीवर आला, इ. स. १२९६ मध्यें अलाउद्दीन खिलजीची धाड आली; पुढील शतकाच्या दुसऱ्या दशकांत यादवांचें राज्य संपलें, आणि इ. स. १३४७ मध्यें देवगिरीसच, म्हणजे दौलताबादेस, बहमनी राज्याची स्थापना झाली. गणिताची परंपरा मात्र देशांत तुटली नव्हती. शके १२७८, म्हणजे इ. स. १३५६ मध्यें, नारायण पंडितानें 'गणितकौमुदी' लिहिली, आणि तींत 'भागादान' नांवाचें एक सबंध प्रकरण संख्येचे भाजक शोधण्यासच वाहिलें. भास्कराचार्यांनीं जी गोष्ट वाटेंत उरकली, तिला नारायणानें स्वतंत्र आसन दिलें.

त्याची एक रीत येथें आमच्याच उदाहरणानें सांगतों. १२७१ ह्या संख्येचे अवयव हवे आहेत. हिच्या आंतलें मोठ्यांत मोठें वर्गमूळ ३५, त्याचा वर्ग १२२५, बाकी ४६. आतां ३५ ची दुप्पट करून एक मिळवा, ७१ झाले. त्यांतून ती बाकी ४६ वजा करा, २५ राहिले. पंचवीस हा पांचाचा वर्ग आहे; तेव्हां काम झालें. ३५ च्या पुढचा अंक ३६. त्यांत पांच मिळविले तर ४१, वजा केले तर ३१. आणि एकेचाळीस गुणिले एकतीस म्हणजे १२७१. वजाबाकीनें वर्ग आला नसता, तर पुढची विषम संख्या ७३, मग ७५, अशा मिळवीत जावयाचें, वर्ग येईपर्यंत. मर्म इतकेंच कीं, १२७१ ही संख्या ३६ चा वर्ग १२९६ व ५ चा वर्ग २५ ह्यांतील अंतर आहे. रामदेवरावाचें राज्यारोहण आणि खिलजीची धाड ह्यांतील अंतरहि नेमकें पंचवीस वर्षांचें पडावें, हा निव्वळ योगायोग. पण स्मरणास साहाय्य करणारा खरा. हीच रीत फ्रान्स देशांत फर्मा ह्या गणितज्ञानें इ. स. १६४३ मध्यें स्वतंत्रपणें काढली. नारायणाचा ग्रंथ त्यापूर्वीं दोनशें सत्याऐंशीं वर्षें लिहिला गेला होता. तथापि काशीस तो छापून प्रसिद्ध होण्यास इ. स. १९३६ साल उजाडलें.

येथें एक शंका उरते. परस्परभाजनाची एवढी सूक्ष्म रीत ज्यांना साधली, त्यांनीं मूळ संख्यांकडे त्या स्वतः काय आहेत ह्या दृष्टीनें कां पाहिलें नाहीं? बुद्धीची उणीव हें कारण खास नव्हे. आमच्या मतें कारण त्या रीतीच्या यशांतच दडलेलें आहे. दोन संख्यांचा साधारण विभाजक काढण्यास त्यांचे मूळ अवयव शोधावे लागतच नाहींत. परस्परांनीं भागीत गेलें कीं तो आपोआप हातीं येतो. पंचांगाची गरज तेवढ्यानें भागत होती. हत्यार इतकें चोख होतें कीं, ज्या अडचणींतून पुढचा प्रश्न जन्मास यावयाचा, ती अडचणच कधीं पडली नाहीं. गरजेनें विद्या वाढते हें खरें; पण गरज भागली कीं विद्या तेथेंच थबकते, हेंहि तितकेंच खरें. म्हणून 'सर्व कांहीं आमच्या ग्रंथांत आहे' असें म्हणणारा आणि 'आमच्या ग्रंथांत कांहींच नाहीं' असें म्हणणारा, दोघेहि ग्रंथ न उघडतांच बोलत असतात.

ग्रंथ उघडणारे मात्र कमी झाले नाहींत. कोंकणांतील नांदगांवच्या गणेश दैवज्ञांनीं इ. स. १५४५ मध्यें लीलावतीवर 'बुद्धिविलासिनी' टीका लिहिली. अकबराच्या दरबारीं फैजीनें इ. स. १५८७ मध्यें तिचें फारसी भाषांतर केलें, इ. स. १८१६ मध्यें मुंबईस टेलरचें इंग्रजी भाषांतर छापलें गेलें. पाटणचा मठ गेला, ग्रंथ राहिला.

ह्या दोन जुन्या रीतींचें पुढें काय झालें, तें आतां पहावें. इ. स. १९७७ मध्यें अमेरिकेंत रिव्हेस्ट, शमीर व एडलमन ह्या तिघांनीं गुप्तलेखनाची एक पद्धति काढली. दोन प्रचंड मूळ संख्या घेऊन त्यांचा गुणाकार जगजाहीर करावयाचा. गुणाकार करणें क्षणाचें काम, परंतु त्याचे अवयव परत शोधून काढणें संगणकांनाहि दुर्घट. संगणकांवरून जाणाऱ्या पुष्कळशा खासगी मजकुराला ह्या पद्धतीचें कुलूप लाविलेलें असतें. त्या कुलपाची किल्ली जी संख्या, ती काढण्यास परस्परभाजनाचीच रीत योजतात. म्हणजे तो कुट्टकच. आणि त्या दोन मूळ संख्या एकमेकींच्या फार जवळच्या घेऊं नयेत, असा कडक दंडक आहे. कारण तशा घेतल्यास नारायणाच्या रीतीनें चार पावलांत कुलूप उघडतें, जसे ३१ व ४१ हे जवळचे म्हणून १२७१ पहिल्याच पावलांत फुटले. एखादी संख्या मूळ आहे कीं नाहीं, एवढेंच झटपट व निःसंशय ठरविण्याची सर्वसाधारण रीत इ. स. २००२ मध्यें कानपूरच्या भारतीय तंत्रज्ञान संस्थेंत मणींद्र अगरवाल, नीरज कयाल व नितीन सक्सेना ह्या तिघांनीं दिली. अवयव झटपट शोधण्याची तशी सोपी रीत मात्र आपल्या नेहमींच्या संगणकांसाठीं अद्याप कोणास सांपडलेली नाहीं.

महाराष्ट्रापुरतें बोलावयाचें, तर नाशिकजवळ देवळालीस दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर नांवाचे एक शाळामास्तर होते. इ. स. १९०५ मध्यें जन्मून १९८६ मध्यें निवर्तलेल्या ह्या गृहस्थांनीं जन्मभर अंकांचाच छंद केला, आणि ६१७४ ही संख्या त्यांच्या नांवानें जगभर ओळखली जाऊं लागली. चार अंक, सगळे सारखे नसलेले, घ्यावे. ते उतरत्या क्रमानें मांडून त्यांतून चढत्या क्रमाची संख्या वजा करावी. पुनःपुन्हां असेंच केलें कीं सात पावलांच्या आंत ६१७४ येतेच. तिचे मूळ अवयव एकदां २, दोनदां ३ व तीनदां ७. वाचकांनीं गुणून खात्री करून घ्यावी. चांगदेवाच्या मठास पेठेचा कर व घाण्याचें तेल लावून दिलेलें होतें. कापरेकर शाळामास्तरकी करीत होते.

तेव्हां सत्याण्णव ही संख्या मूळ आहे हें कळून काय मिळतें, असें मुलानें विचारलें, तर त्यास तत्काळ लाभ दाखविण्याच्या भरीस वडिलांनीं पडूं नये. नारायणाच्या रीतीचें एक महत्त्वाचें फळ दिसून येण्यास सहाशें वर्षांहून अधिक काळ लागला. पाटणच्या तेल्यानें त्या फळाचा हिशेब मागितला नव्हता. त्यापेक्षां मुलापुढें पाटी ठेवून २२१ व १९५ हे आंकडे लिहून द्यावे, आणि तेरा हा भाजक त्याचा त्यास सांपडेपर्यंत आपण शेजारीं स्वस्थ बसावें. आपल्या घरच्या तेलाची तेवढी पळी पुरे.